जुन्या गाडीला रिट्रेड केलेले स्लिक टायर: केसिंग निवडण्यापासून चुन्याच्या ठशापर्यंत

स्लिक आणि गोटा यांत गल्लत होते, म्हणून सुरुवात तिथूनच. गोटा झालेला टायर म्हणजे नक्षी झिजून गेलेला, रबर कडक पडलेला आणि आतले प्लाय, म्हणजे दोऱ्यांचे थर, दिसायला टेकलेला टायर. स्लिकला नक्षी मुळात दिलेलीच नसते. रस्त्याला टेकणाऱ्या सगळ्या रुंदीभर मऊ रबर असतं, आणि तेही पूर्ण जाडीचं. लांबून दोन्ही सारखे दिसतात. फियाट किंवा अँबेसेडरचं बॉनेट काढून, मागं रुंद चाकं घालून हॉट रॉडचा, म्हणजे कापून-बदलून पळवायला केलेल्या जुन्या गाडीचा, थाट आणणाऱ्यांपैकी बरेच जण या लांबून दिसणाऱ्या सारखेपणालाच फसतात.

रिट्रेड म्हणजे जुन्या टायरच्या केसिंगवर, आतल्या सांगाड्यावर, नवं रबर चढवणं. अशा रिट्रेड स्लिकला इतिहास आहे. कॅलिफोर्नियातली पोरं १९४०-५० च्या दशकांत जुन्या फोर्ड गाड्या घेऊन ड्रॅग रेसला (सरळ रस्त्यावरच्या छोट्या शर्यतीला) उतरायची तेव्हा स्लिक असा विकत मिळत नव्हता. मग साध्या टायरच्या केसिंगवर रिट्रेडवाल्याकडून सपाट, रुंद, मऊ रबर चढवून घ्यायचं. त्यावर एक-दोन खाचा पाडल्या की रस्त्यावरचा टायर म्हणून खपून जायचा. त्याला ‘चीटर स्लिक’ नाव पडलं. काहींच्या कडेला साच्यामुळे करंजीच्या मुरडीसारखी नागमोडी धार असायची, तीच ‘पायक्रस्ट’. पुढं इंजिनांची ताकद वाढली, वेग वाढले आणि चढवलेलं रबर उडायला लागलं. १९५० च्या दशकातच एम अँड एचसारख्यांनी मुळापासून रेससाठी बनवलेले स्लिक आणले आणि रिट्रेड मागं पडला. तो दिसायला वाईट होता म्हणून नव्हे, तर रबर आणि केसिंग यांच्यातला जोड वेगाला टिकेना म्हणून. आजही प्रश्न तोच आहे.

आधी कायद्याचं

केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ९४ प्रमाणे चारचाकीच्या टायरला किमान १.६ मिमी नक्षीची खोली लागते, दुचाकी-तीनचाकीला ०.८ मिमी. स्लिकची खोली शून्य. म्हणजे आमच्या कोल्हापुरातल्या ताराराणी चौकातून स्लिकवर गाडी नेणं बेकायदा, आणि अपघात झाला तर विमा कंपनीच्या हातात आपणच कोलीत देतो. गाडी ट्रॅकपर्यंत दुसऱ्या टायरवर न्यायची किंवा टो करून. स्लिक तिथं चढवायचे.

दुसरी गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. २०२१ साली व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आली, ‘व्हीए’ अक्षरांची नंबर प्लेट असलेली. गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी हवी, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. पण चॅसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल नको, अशी अट आहे. हॉट रॉड म्हणजे बदलच. तेव्हा कोल्हापूरच्या एमएच-०९ नंबरची ५० वर्षं पार केलेली सुस्थितीतली गाडी असेल तर ती कापण्याआधी विचार करा. एकदा कापली की तो रस्ता बंद. दसऱ्याला छत्रपतींच्या न्यू पॅलेसची जुनी मेबॅक मोटार बाहेर पडते तेव्हा लोक थांबून बघतात ते ती मूळ रूपात आहे म्हणून. टायर आणि रिम मात्र परत बदलता येतात. हौस तेवढ्यावर भागत असेल तर उत्तम.

फायदा नेमका काय, तोटा नेमका काय

पैसा हा पहिला फायदा. रिट्रेडचा खर्च ढोबळमानाने त्याच मापाच्या नव्या टायरच्या तिसऱ्या हिश्शात बसतो. परदेशी स्लिक मागवायचा तर भाड्याचा खर्च आहेच, शिवाय टायरवर आयएसआय मार्काची सक्ती आहे आणि २०२० पासून कारच्या नव्या टायरची आयात परवान्याखाली गेली आहे. एका जोडीसाठी हा व्याप कोणी करत नाही.

दुसरा फायदा रूपाचा. पन्नासच्या दशकातली गाडी दाखवायची तर जाड, उंच साइडवॉलचा (बाजूच्या भिंतीचा) नायलॉन टायर हवा, म्हणजे तिरप्या दोऱ्यांच्या थरांचा. आजचा चपटा रेडियल तिथं शोभत नाही. नायलॉन केसिंगवर सपाट रबर चढवलं की तो काळ हुबेहूब उभा राहतो.

तोट्याची बाजू रबरापासून सुरू होते. इकडची रिट्रेड दुकानं चालतात ती ट्रक, टेम्पो आणि उसाच्या ट्रॉल्यांवर. त्यांच्याकडचं रबर जास्त किलोमीटर जावं म्हणून केलेलं असतं. शोअर-ए या रबराच्या मापाने ट्रकच्या ट्रेडचा, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या थराचा, कडकपणा साधारण ६० ते ६८ भरतो; ड्रॅगचा स्लिक ५० च्या खाली असतो. दुकानदार अभिमानानं सांगतो, “साहेब, एक नंबर रबर टाकतो, लाखभर किलोमीटर हलणार नाही.” आपल्याला नको आहे ते नेमकं हेच. असं रबर नक्षीशिवाय चढवलं तर स्लिक दिसतो, पण पकड कोरड्या सिमेंटवरसुद्धा साध्या टायरपेक्षा फारशी वाढत नाही. पावसात तर कमीच. हा कडकपणा मोजायचा, हातात धरायचा ड्युरोमीटर फार महाग नसतो. रबर निवडताना सावलीतल्या तुकड्यावर तो टेकवून बघा. ५५ ते ५८ पर्यंतचं रबर मिळालं तरी इथल्या बाजारात जमलं म्हणायचं.

दुसरा तोटा साइडवॉलचा. रेसच्या स्लिकची निम्मी कमाल साइडवॉलमध्ये असते. सुटताना ती चुरगळते, रस्त्याला लांबट ठसा देते, मग सरळ होत गाडी पुढं ढकलते. रिट्रेडनं साइडवॉल बदलत नाही. १० प्लायचं टेम्पोचं केसिंग दगडासारखं ताठ राहतं.

आणि तिसरा तोटा, मघाचाच: जोड. ८०० मिमी व्यासाच्या टायरवर ताशी ८० किमीला १०० ग्रॅम रबर साधारण साडेबारा किलोच्या ओढीनं बाहेर पडू पाहतं. १२० ला तीच ओढ २८ किलो होते. वेग दीडपट, ओढ सव्वादोनपट. त्यामुळे चाचणीच्या फेरीत ६० नं नीट चाललेला टायर ११० ला पट्टी सोडू शकतो, आणि उडालेली पट्टी मडगार्ड, ब्रेकची नळी, पेट्रोलची लाइन जे सापडेल ते घेऊन जाते.

एवढं वाचून कोणी म्हणेल, मग करायचंच कशाला. प्रदर्शनासाठी, संथ परेडसाठी आणि ताशी ८० किमीच्या आतल्या छोट्या कोरड्या पळांसाठी रिट्रेड स्लिक ठीक आहे. त्याच्या पुढं नाही. पुढच्या चाकांना तर कधीच नाही.

पायरी १: केसिंग

सगळा खेळ केसिंगचा. पॅसेंजर कारच्या हलक्या टायरला बहुतेक दुकानं हातच लावत नाहीत, आणि ते बरोबर आहे. व्यवहारात दोन मापं उरतात: ७.००-१५ आणि ७.५०-१६, दोन्ही हलक्या ट्रकची, नायलॉन.

अँबेसेडरला मूळ ५.९०-१५ टायर येतो, व्यास साधारण ६७० मिमी. ७.००-१५ चा व्यास ७४५ च्या आसपास, म्हणजे ११ टक्के जास्त. मीटरवर ६० दिसेल तेव्हा गाडी ६६-६७ नं पळत असेल, आणि गिअरिंग तेवढंच लांब झाल्यानं सुटताना गाडी जडावेल. स्लिक घालून पिकअप कमी झाला अशी तक्रार येते ती यामुळेच. ७.५०-१६ चा व्यास ८०० च्या घरात. तो जीपला शोभतो, अँबेसेडरच्या कमानीत नुसता घासेल. रिमची रुंदीही जुळली पाहिजे: ७.००-१५ ला साडेपाच इंच, ७.५०-१६ ला सहा इंच. मूळची अरुंद रिम कापून मध्ये पट्टी वेल्ड करून देणारे आहेत. त्याऐवजी योग्य मापाची तयार रिम शोधा, कारण वेल्डची रिम थोडी जरी वाकडी बसली तर पुढचं सगळं बॅलन्सिंग वाया जातं.

केसिंग बघताना हा क्रम ठेवा:

१. तारखेचा चार आकडी शिक्का वाचा. २३२१ म्हणजे २०२१ चा २३ वा आठवडा. सहा वर्षांपेक्षा जुनं नको. तीनच आकडे असतील तर तो टायर २००० सालाच्या आधीचा आहे. हातात घेऊ नका.

२. वेगाचं अक्षर बघा. जे म्हणजे १००, के ११०, एल १२० किमी. ‘ए’ पुढं आकडा असेल, उदाहरणार्थ ए८, तर तो ४० किमीचा टायर आहे.

३. आत हात फिरवा. गेटर (फाटलेल्या जागी आतून बसवलेला जाड तुकडा) टाकलेला, पॅच मारलेला, हवा कमी असताना चालवल्यानं आत काळी भुकटी धरलेला टायर बाद. टेम्पोला गेटर चालत असेल, इथं नाही.

४. बीडची, म्हणजे रिमवर बसणाऱ्या कडेची, वायर कुठं उघडी नको, बीड लोखंडी पट्टीनं उचकटल्याच्या खुणा नकोत.

५. एकदाही रिट्रेड न झालेलंच घ्या. साइडवॉलवर कडेनं रबराचा जुना जोड दिसतो, तो शोधा.

६. ठोकून बघा. आत सुटलेले थर दाखवणारं शेरोग्राफीचं मशीन प्रत्येक दुकानात नसतं, पण कान असतात. टायर रिमवर चढवून ३० पौंड हवा भरा, उभा टांगा, आणि अर्धा किलोच्या हातोडीनं दर दोन इंचांवर ट्रेडवर हलकेच ठोकत चला. सलग टायर एकच सूर देतो, खणखणीत नसला तरी भरीव. जिथं प्लाय सुटलेत तिथं आवाज एकदम बसतो, पिकलेल्या फणसावर थाप मारावी तसा भद्द. त्या जागी खडूनं गोल करा, दुसऱ्या बाजूनं येऊन पुन्हा ठोका. शंका उरली तर केसिंग परत करा. हाच टायर सरळ बफिंगला (जुनं रबर घासायला) गेला तर तो फुगा रबराखाली झाकला जातो आणि पुढं सापडतो तो वेगातच.

डांबरी रस्ता दाबणाऱ्या पीटीआर रोलरचे टायर मुळातच गुळगुळीत असतात, आणि त्यांत ७.५०-१५ चं माप मिळतं. वापरलेला रोलर टायर स्वस्तात मिळाला म्हणून तो गाडीला चढवायचा मोह होतो. तो टायर चालण्याच्या वेगासाठी आहे. घेऊ नका. मात्र ज्या दुकानात रोलरच्या टायरचं काम होतं तिथं गुळगुळीत रबर चढवायची साधनं असण्याची शक्यता जास्त. शिरोली, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींकडं फिरताना हा प्रश्न आधी विचारा: “रोलरचे टायर करता काय?”

पायरी २: रबर चढवून घेणं

पद्धती दोन. हॉट म्हणजे घासलेल्या केसिंगवर कच्चं रबर गुंडाळून साच्यात १५० अंशांच्या आसपास शिजवणं. कोल्ड म्हणजे आधीच शिजवलेली पट्टी कुशन गम (कच्च्या रबराचा पातळ चिकट थर) लावून चिकटवायची, वरून रबरी एन्व्हलप चढवायचं आणि चेंबरमध्ये १०० ते ११५ अंशांवर काही तास ठेवायचं. ट्रकसाठी कोल्ड चांगलं, कारण केसिंगला कमी उष्णता लागते. स्लिकसाठी गुळगुळीत साचा उपलब्ध असेल तर हॉट बरं. सगळं रबर एकसंध बसतं, पट्टीचा सांधा राहत नाही आणि खांद्याचा, म्हणजे ट्रेड आणि साइडवॉल मिळतात त्या कडेचा, आकार सपाट येतो.

इथं एक चलाखी चालते. गुळगुळीत साचा नाही, गुळगुळीत पट्टीही नाही, मग दुकानदार म्हणतो, “नक्षीची पट्टी लावतो आणि वरून घासून देतो.” पट्टीत नक्षीच्या खाली सलग रबर असतं २-३ मिमी. नक्षी घासली की उरतं तेवढंच. म्हणजे पैसे देऊन नवा गोटा घेतला. स्पष्ट नाही म्हणा.

उद्यमनगरात लेथवर साच्यासाठी गुळगुळीत कडं करून घेता येतं, पण त्याला आतून हवा जायला दर काही इंचांवर एक-दीड मिमीची छिद्रं लागतात. नक्षीच्या साच्यात हवेला खाचांतून वाट असते, गुळगुळीत साच्यात ती अडकते आणि रबरावर फोड धरते. छिद्रांतून आलेले रबराचे केस नंतर कापून टाकायचे.

ऑर्डर देताना हे कागदावर लिहून द्या:

रबराची जाडी ७ ते ८ मिमी, जास्त नाही. जाड थर म्हणजे जास्त वजन, जास्त उष्णता, जोडावर जास्त ओढ. हिशेब सोपा आहे: घासलेल्या ७.५०-१६ चा घेर साधारण २.४५ मीटर, रुंदी १६ सेमी, जाडी ८ मिमी. एवढं रबर भरतं ३.१ लिटर, वजनानं साडेतीन किलोच्या आसपास. बिलावर सहा किलो रबर लावलं असेल तर एकतर थर जाड आहे किंवा बिल.

बफिंगनंतर प्लायवर मूळ रबराचा दीड-दोन मिमी थर शिल्लक राहिला पाहिजे. दोरे दिसले की केसिंग संपलं. घासलेला पृष्ठभाग मखमलीसारखा खरखरीत हवा. चकचकीत दिसला तर बफर बोथट आहे आणि रबर जळलंय. त्यावर काही चिकटत नाही.

सोल्यूशन (रबर चिकटवायचं पातळ द्रावण) त्याच दिवशी, घासल्यावर लगेच. ते पूर्ण वाळल्याशिवाय कुशन नाही. बोटाची मागची बाजू लावून बघायचं: चिकट लागावं, ओलं नाही. जून ते सप्टेंबर हे काम टाळलेलं बरं. हवेतली ओल घासलेल्या रबरावर धरते आणि जोड कच्चा राहतो. दिवाळीच्या आसपासही टाळा, गळीत हंगाम तोंडावर असतो, ट्रॉल्यांच्या टायरचे ढीग लागलेले असतात आणि आपली हौसेची जोडी कुठंतरी घाईत उरकली जाते. फेब्रुवारी-मार्च उत्तम.

दोन्ही टायर एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या केसिंगवर, एकाच दिवशी, एकाच रबरातून. घेरात ६ मिमीपेक्षा जास्त फरक नको. फरक असला की डिफरन्शियल सरळ रस्त्यावरही फिरत राहतो आणि गाडी एका बाजूला ओढते.

पायरी ३: ताब्यात घेताना

पैसे देण्याआधी टायर रिमवर चढवून फिरवा. डायल गेज नसेल तर जमिनीवर विटेवर स्क्रू ड्रायव्हर टेकवून ट्रेडपाशी धरा आणि अंतर बघा. वर-खाली फरक दीड मिमीपर्यंत छान, अडीचपर्यंत चालवून घ्या, त्यापुढं परत. मग खांद्याची कड. व्हिजिटिंग कार्ड घेऊन जोडावर पूर्ण घेरभर सरकवत न्या. कार्डाचा कोपरा कुठंही आत गेला, अर्धा सेंटिमीटर का होईना, तर तिथून पट्टी सुटणार आहे. “सोल्यूशन मारून दाबतो” हे उत्तर ऐकून घेऊ नका. हातोडीची फेरी इथं पुन्हा एकदा करायची.

बॅलन्स करताना एका चाकाला १०० ग्रॅमपेक्षा जास्त शिसं लागत असेल तर टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा बघा. तरीही लागलं तर रबर एका बाजूला जास्त बसलंय.

पायरी ४: चढवणं आणि हवा

ट्यूब नवीनच. जुनी ट्यूब ताणून मोठी झालेली असते, घडी पडते आणि घडीवर घासून फुटते. आतून शंखजिरं मारा, पण मूठभर ओतू नका. पातळ थर पुरे. अर्धी हवा भरून काढा आणि पुन्हा भरा, म्हणजे ट्यूब आपली जागा धरते.

कमी हवेवर जोरात सुटलं की रिम फिरते आणि टायर जागेवर राहतो. ट्यूबचा वॉल्व मुळापासून उपटला जातो. म्हणून रिम आणि टायरवर मिळून पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ मारा. प्रत्येक पळानंतर बघा. रेघ एक सेंटिमीटर सरकली तरी २ पौंड हवा वाढवा. रिममधून बीडमध्ये स्क्रू मारायची पद्धत ट्यूबलेस ड्रॅग चाकांची आहे. ट्यूब असताना त्या वाटेला जाऊ नका.

हवा किती, हे पुस्तकातून नाही, ठशातून ठरतं. अँबेसेडरच्या मागच्या एका चाकावर तीनशे-साडेतीनशे किलोच्या आसपास भार येतो, आणि हे केसिंग त्याच्या कितीतरी पट भारासाठी केलेलं. साइडवॉलवर छापलेली हवा भरली तर टायर फक्त मधल्या पट्ट्यावर चालेल. २४ पौंडांपासून सुरुवात करा. चुना पाण्यात पातळ कालवून ब्रशनं ट्रेडच्या हातभर लांबीवर लावा, गाडी हळूच पुढं ढकलून तो भाग काळ्या फरशीवर किंवा कडप्प्यावर टेकवा, आणि जॅक लावून सरळ वर उचला. ठसा मोजा. मध्ये ठळक आणि कडेला काहीच नाही, तर हवा जास्त. कडा ठळक आणि मध्ये फिकट, तर कमी. २-२ पौंडांनी खाली येत सगळ्या रुंदीभर सारखा पांढरा ठसा उमटेल तिथं थांबा. ट्यूब असताना १६ च्या खाली उतरू नका. १६ पर्यंत येऊनही ठसा मध्येच राहिला तर चूक हवेची नाही, चढवलेल्या रबराचा माथा गोल आहे. त्याला इलाज म्हणजे बफरवर पुन्हा सपाट करून घेणं, आणि जाडी असेल तरच.

पुढं नायलॉन असेल तर मागं नायलॉनच. पुढं रेडियल आणि मागं नायलॉन स्लिक ही जोडी वळणावर मागचं टोक आधी सोडते.

पायरी ५: चालवणं

पहिले ५० किमी ४० च्या वेगात, बंद आवारात किंवा हुपरी रस्त्याकडं मोहिते रेसिंग अॅकॅडमीसारख्या ट्रॅकवर परवानगी घेऊन. स्पर्धेला उतरायचं असेल तर तांत्रिक तपासणीत रिट्रेड चालतो का हे प्रवेश फी भरण्याआधी आयोजकांकडून लेखी घ्या. ४० च्या वेगातल्या या फेऱ्या झाल्या की थांबून हाताचा तळवा जोडावर फिरवा. एकाच ठिकाणी चटका लागला तर आत काहीतरी हलतंय.

बर्नआउट, म्हणजे चाकं जागच्या जागी गरगर फिरवणं, हा रिट्रेडचा कर्दनकाळ. रेसचं रबर तापलं की चिकट होतं. ट्रकचं रबर तापलं की नुसता धूर आणि भुकटी. तोवर उष्णता खाली जोडापर्यंत पोचलेली असते. ट्रेड साफ करण्यापुरते दोन-तीन सेकंद, त्यापुढं नाही. पोरं मोबाइल धरून उभी असतात, “होऊ दे अजून, नाद खुळा!” म्हणतात. रबर त्यांच्या खिशातून जात नाही.

पाऊस आला की गाडी थांबवा. पाण्याच्या थरावर टायर तरंगायला लागण्याचा वेग ढोबळमानाने हवेच्या पौंडांच्या वर्गमुळाला १६.६ नं गुणून काढतात. २५ पौंडांवर ताशी ८३ किमी, १६ पौंडांवर ६६. हे झालं पूर्ण तरंगणं. गुळगुळीत टायर नुसत्या ओल्या रस्त्यावरही त्याच्या खूप आधी पकड सोडतो. पन्हाळ्याच्या चढावर किंवा गगनबावड्याच्या रस्त्याला स्लिकवर जायचा विचारच नको. हंगामात तर कोरड्या रस्त्यावरही उसाची कांडी, पाला आणि ट्रॅक्टरच्या चाकांची काळी माती पसरलेली असते. खाचा नसलेला टायर त्यावर साबणासारखा फिरतो.

काय बिघडतं आणि का

खांद्याकडून पट्टी सुटणं: बफिंग कडेपर्यंत झालेलं नाही किंवा सोल्यूशन ओलं होतं. मध्येच फुगा: केसिंगचे प्लाय सुटलेत, किंवा साच्यात हवा अडकली. टाचणी टोचून हवा काढणं हा उपाय नाही. घेरभर लाटा: रबर अर्धवट शिजलंय, नखानं दाबलं तर वळ राहतो. ७० च्या पुढं थरथर: गोलाई बिघडलेली, वजनं वाढवून जात नाही. मध्येच झिजणं: हवा जास्त. तळाशी चपटा डाग: गाडी महिनोन्महिने एका जागी उभी. पावसाळ्यात गाडी स्टँडवर उचलून ठेवा, टायरवर गोणपाट टाका, आणि शेजारी वेल्डिंग मशीन किंवा मोटर चालू ठेवू नका. ठिणग्यांतून होणारा ओझोन रबराला बारीक भेगा पाडतो.

हे सगळं नको असेल तर

रस्त्यावर चालवायची गाडी असेल तर उभ्या रिबच्या नक्षीचा नवा ७.००-१५ घ्या. लांबून तो पन्नासच्या काळातलाच दिसतो, पावसात चालतो आणि कोणी अडवत नाही. चीटर स्लिकचा भास हवाच असेल तर सपाट रबरावर गरम कटरनं चार सलग खाचा पाडता येतात. ७ मिमी थरात ४ मिमीपर्यंतच कापा, खाली ३ मिमी राहू द्या. मुळापर्यंत गेलेली खाच जोड उघडा पाडते. खोलीच्या नियमात तो बसेल, पण पाणी बाहेर टाकण्यात चांगल्या नक्षीची बरोबरी करणार नाही, म्हणून पावसाळ्यात तोही उतरवायचा. आणि खरंच घड्याळ लावून पळायचं असेल तर आपल्याकडं सर्किट रेसिंगसाठी बनलेले एमआरएफचे स्लिक आहेत. त्यांचं रबर खरं आहे, फक्त माप लहान रिमचं असल्यानं चाकं बदलावी लागतात.

दोन वर्षं झाली किंवा कार्ड एकदा जरी जोडात शिरलं की रिट्रेड स्लिक उतरवायचा, रबर कितीही शिल्लक दिसो. ७.५०-१६ ची रिम असलेली डनलॉप बैलगाडी किंवा शेतातला पाण्याचा छोटा गाडा गावात कोणाकडं तरी असतोच. बैलाच्या चालीला तो टायर अजून चार हंगाम जाईल. देताना साइडवॉलवर ऑइल पेंटनं ‘फक्त गाड्याला’ लिहून द्या, नाहीतर तोच टायर वर्षभरानं जुन्या बाजारात गाडीचा म्हणून विकायला येतो.